शेराचा पोचा

तिसरी पोळीही तव्यावर फुटली.

शिवगंगाबाईंनी उलथन्याची कड तिच्याखाली सारली, जपून उचलायला गेल्या, तर ती मधोमध उसवली आणि आतलं शेंगदाण्याचं कूट तव्यावर सांडलं. गूळ चरचरला. करपल्याचा वास सुटला. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ताटातल्या तिन्ही फुटक्या पोळ्यांकडे बघत राहिल्या. कुणा परक्या बाईनं त्या आपल्या ओट्यावर आणून ठेवल्या असाव्यात, असं ते बघणं होतं.

“गूळ कोरडा असंल, आत्या,” सून म्हणाली. पुनम तिचं नाव. कणकेचा गोळा तिच्या हातात तसाच राहिला होता.

“गूळ आपल्याच गुऱ्हाळातला हाय.”

“मग शेंगदाणे नवे असतील.”

“शेंगदाणे तेच, शेर तोच, तवा तोच.” शिवगंगाबाईंनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. “हातबी तोच दिसतोय, वरून तरी.”

संगप्पा मास्तर चहाचा कप ठेवायला आत आले होते, ते दारातच थबकले. संक्रांत तोंडावर आली होती. दर वर्षी भोगीच्या आधी शेंगापोळ्यांचा डबा निलंग्याहून सकाळच्या एसटीनं नांदेडला जायचा, लेकीकडे, महानंदाकडे. महानंदाच्या सासरची माणसं एरवी नाकं मुरडण्यात पटाईत, पण या डब्याची वाट बघायची. कागदासारखी पातळ पोळी, दुमडली तरी न मोडणारी, गूळ थेट काठाला भिडलेला.

“आता तू कर, पुनम. तुझ्या त्या काट्यावर तोलून कर, फोनमध्ये बघून कर. तुझ्या चांगल्या होतील.”

“मला न्हाई जमत तुमच्यासारखं.”

“माझ्यासारखं आता मलाबी जमंना गेलंय.”

असं म्हणून त्यांनी ओट्यावरचा पितळी शेर उचलला, पदराच्या टोकानं आतून पुसला आणि टाचा उंचावून वरच्या फळीवर ठेवून दिला. वर्षाकाठी एकदा लागणाऱ्या भांड्यांची ती फळी. पोळ्या फुटल्या त्याचं मास्तरांना फारसं वाटलं नव्हतं. पोळ्या कुणाच्याही फुटतात. शेर फळीवर गेला तेव्हा मात्र हातातला कप ठेवायचंच ते विसरले.

धान्य मापायचं ते भांडं शिवगंगाबाईंच्या माहेरचं. लग्नात आईनं दिलेलं, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: शिवगंगा. या घरात ज्वारी, डाळ, तीळ, शेंगदाणे, पीठ, सगळं त्या शेरानंच मापलं जाई. शेर काठोकाठ भरायचा, वरून तळहात फिरवायचा आणि ओतायचा. पहिला शेर ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. सकाळी स्वयंपाकघरातून ‘लाभ’ ऐकू आलं, की घर जागं झालं असं मास्तर समजत. गूळ तेवढा मापात मावत नाही, तो किलोवर आणायचा. म्हणून शेंगापोळीचं गणित एका ओळीचं होतं: दोन शेर शेंगदाण्याला गुळाची किलोची एक भेली. त्या ओळीवर शिवगंगाबाईंनी आयुष्यभर पोळ्या केल्या आणि एक पोळी कधी तव्याला चिकटली नाही.

मास्तर त्यांच्या मागोमाग ओसरीवर आले. शिवगंगाबाई सुपात तीळ घेऊन बसल्या होत्या. तीळ स्वच्छ होते, तरी त्या निवडत होत्या.

“एवढं काय मनाला लावून घेतेस,” मास्तर म्हणाले.

“येळवशीला आंबील घट्ट झालती.”

“होते की एखादे वेळी.”

“माठ तोच, ताक तेवढंच, पीठ मापून घेतलेलं. तरी घट्ट झाली.”

मास्तरांना तो दिवस चांगला आठवत होता. येळवस म्हणजे या भागातली वेळ अमावस्या. सारं गाव शेतात जातं, रानातच पंगती बसतात. यंदा पंगतीत कोणी तरी विचारलं होतं, “काकू, ही आंबील प्यायची का भाकरीला लावायची?” सगळे हसले. शिवगंगाबाईही हसल्या, पण थोड्या उशिरानं हसल्या.

“माझ्या आईचं असंच सुरू झालतं,” त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या. “आधी हातातलं गेलं. भाकरी थापता थापता थांबायची, पुढं काय करायचं ते कळंना व्हायचं. मग माणसं गेली. मी माहेराला गेले तर मलाच म्हणाली, बाई, तू कुणाची? माझं नाव घालून शेर दिला तो हिनंच. शेरावर नाव राहिलं आन् हिच्या तोंडातून गेलं.”

मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “परवा मठात कोण भेटलं होतं गं आपल्याला? मला नाव आठवेना.”

“वीरण्णाचा जावई. देवणीचा.” शिवगंगाबाईंनी तिळातून मान वर केली. “मास्तर, माझी तोंडी परीक्षा घेऊ नका.”

मास्तर ओशाळले. परीक्षाच घेत होते ते. येळवशीपासून घेत होते, तिच्या नकळत, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला मनातल्या मनात पुरे गुण देत होते. तरी भीती जात नव्हती. नातीला हाक मारताना शिवगंगाबाई आधी ‘महानंदा’ म्हणाल्या की ते हातातलं सोडून तिच्याकडे बघायचे. वास्तविक ते स्वतःही नातीला रोज महानंदाच म्हणत. पण आपल्या चुकीची माणसाला भीती वाटत नाही.

दुपारी पुनमनं ओट्यावर काचेचा छोटा काटा मांडला आणि लेकीला हाक मारली.

“ऋतुजा, एक शेर शेंगदाणे म्हणजे किती ग्रॅम ते काढून दे मला. आजीच्या मापानं.”

ऋतुजा पाचवीत होती. काम मिळालं की तिचे डोळे मोठे व्हायचे. तिनं आधी फोनला विचारलं, मग स्टुलावर चढून फळीवरचा शेर काढला, रिकामाच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला, शेंगदाणे भरले, आजीसारखा वरून तळहात फिरवला. आणि पळत ओसरीवर आली.

“अज्जा, फोन म्हणतोय एक शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. काटा म्हणतोय पाचशे सत्तर. खोटं कोण बोलून राहिलंय?”

मास्तर उठले. सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलेला माणूस तो. असा प्रश्न कानावर पडला की गुडघे दुखायचे थांबत.

“खोटं कोणी बोलत नाही,” ते ओट्यापाशी येऊन म्हणाले. “फोन सांगतोय तो तोलायचा जुना शेर, तराजूत टाकायचा. हा आपला भरायचा. आता मला सांग, या भांड्यात कापूस भरला तर?”

“हलका लागंल.”

“आणि मीठ भरलं तर?”

“जड.”

“भांड्याला त्यातलं काही कळतं का?”

ऋतुजानं शेराकडे पाहिलं. “न्हाई. ते नुसतं भरतंय.”

“बघ. भांड्याला जागा कळते, जडपण कळत नाही. काट्याला जडपण कळतं, जागा कळत नाही. म्हणून दोघांना शेजारी बसवावं लागतं. एकएक जिन्नस घ्यायचा, आधी भांड्यात भरायचा, मग काट्यावर ठेवायचा. शेंगदाण्याचं झालं. आता ज्वारी भर.”

ज्वारी भरली. ती शेंगदाण्यांपेक्षा जड निघाली. का, असं मास्तरांनी विचारलं. शेंगदाण्यांच्या मधे मधे फट राहते, ज्वारी एकमेकीला खेटून बसते, हे ऋतुजानं स्वतःच शोधून काढलं. मास्तरांचा चेहरा खुलला. शाळेतला जुना खेळ आठवला. दर वर्षी वजन-मापांचा धडा आला की ते घरून शिवगंगाबाईंचा हा शेर पिशवीत घालून न्यायचे.

“आता गंमत बघ. मिठाचा न फोडलेला पुडा आण. किलोचा. हे मीठ या शेरात ओतलं की बरोबर काठोकाठ येतं. एक चिमूट वर नाही, एक चिमूट खाली नाही. पोरं टाळ्या वाजवायची.”

ऋतुजानं पुड्याचा कोपरा कापला आणि दोन्ही हातांनी मीठ ओतलं. पुडा झटकला. शेरात वाकून पाहिलं.

“अज्जा, भरला न्हाई की.”

मास्तरांनी चष्मा नीट केला. मीठ काठाच्या बोटभर खाली राहिलं होतं.

“पुड्यातच कमी असणार. आजकालचे कारखानदार! ठेव काट्यावर.”

काट्यानं एक किलो दाखवलं. वर दोन ग्रॅम जास्तच.

मास्तर ओट्याला टेकून उभे राहिले. किलो किलोच होता. मीठ मीठच होतं. मग ही बोटभर जागा आली कुठून? त्यांनी शेर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. दिवाळीपासून तो कसा सोन्यासारखा चकाकत होता. अंगठा सवयीनं नावाखाली गेला, आणि तिथं आत जायचं सोडून गुळगुळीत पितळेवरून घसरला.

“पोचा,” मास्तर म्हणाले.

“काय अज्जा?”

“इथं पोचा होता.”

लग्नानंतरची दुसरी का तिसरी येळवस असेल. शेवऱ्या नावाचा देवणी बैल होता घरात, पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके. शेतात शिवगंगाबाई शेरानं हरभरे मापत होत्या. शेवऱ्या मागून आला, त्यानं शेरावर पाय दिला आणि पाय तसाच ठेवून निवांत हरभरे खायला लागला. शिवगंगाबाई त्याच्या पायाशी खाली बसून हसत होत्या, नवऱ्याला हाका मारत होत्या, आणि बैल काही पाय उचलत नव्हता. शेराला मुठीएवढा पोचा पडला. मास्तर म्हणाले होते, ठोकून आणतो. त्या म्हणाल्या होत्या, “न्हाई. बसवण्णाचा, नंदीचा पाय लागलाय, राहू द्या.” पुढं शेवऱ्या होता तोवर सणाची पहिली पोळी त्याला चारल्याशिवाय घरात कुणी ताटावर बसलं नाही. आणि शिवगंगाबाईंचा अंगठा मापताना त्या पोच्यात बसायला शिकला.

दिवाळीच्या आधी मास्तर शेर उजळायला लातूरला घेऊन गेले. तिला न सांगता, पाडव्याला चमकता शेर हातात द्यायचा म्हणून. तांबट म्हणाला, “मास्तर, पोचाबी काढू का?” आणि मास्तर म्हणाले, “काढ की.”

‘राहू द्या’ हे तिचं वाक्य त्यांना शब्द न् शब्द आत्ता आठवलं होतं. मीठ कमी पडल्यावर.

पाडव्याला शेर हातात घेऊन शिवगंगाबाईंनी तो चहूकडून फिरवला होता. “लई उजळला,” एवढंच म्हणाल्या. अंगठा मात्र किती वेळ त्याच्या पोटावरून फिरत होता. मास्तरांना वाटलं, बाईला आनंद झाला.

“म्हणजे आधी शेर लहान होता?” ऋतुजानं विचारलं.

“पोच्याएवढा लहान.”

“आन् आजी दोन शेर घेती तवा शेंगदाणे जास्त येत्यात. गूळ तेवढाच!” ऋतुजा ओरडलीच. “म्हणून पोळी कोरडी होती! आन् आंबीलबी!”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हसू येत होतं आणि डोळ्यांपुढं ओट्याची कड पुसट होत होती. त्यांनी शेर तसाच मिठासकट उचलला आणि ओसरीवर नेला.

शिवगंगाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मिठात बोट घालून बोटभर जागा बघितली. ऋतुजा मधेमधे बोलत होती, तिचंही ऐकलं. मग त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“पटलं ना?” मास्तर म्हणाले. “तुझा हात बिघडला नाही. शेर बदलला. मी बदलला.”

“मास्तर,” शिवगंगाबाई हळूच म्हणाल्या, “पोरगं नापास झालं की तुम्ही घरी येऊन काय म्हणायचे? पोरगं हुशार हाय, पेपरच अवघड निघाला.”

“अगं, हे मीठ डोळ्यांनी दिसून राहिलंय!”

“दिसतंय. पर मिठाचं मिठाला. माझं मला कळून राहिलंय.” त्यांनी तिळातला न दिसणारा खडा उचलून बाजूला टाकला. “माझं मन राखायला तुम्ही पुडाबी कमी भराल. मी वळखते तुम्हाला.”

मास्तरांनी आयुष्यभर नापास पोरांची मनं राखली, ती आज अशी आडवी आली. त्यांना एवढं मात्र उमगलं, की समजावून सांगण्याचं काम इथं संपलं आहे. डोक्याला पटवता येतं. हाताला पटवायचं तर त्याच्या हातात त्याचं भांडं द्यावं लागतं.

उन्हं कलायला लागली तशी मास्तर आणि ऋतुजा घरामागच्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसली. बरोबर शेर, परातीत ओतून घेतलेलं मीठ, एक जुनं धोतर, लाटणं आणि धुण्याची लाकडी मोगरी. मास्तरांनी शेर धोतरात गुंडाळला, दगडावर आडवा धरला आणि मोगरी उचलली. उचललेली मोगरी तशीच राहिली. त्या पितळेवर बायकोचं नाव होतं. घोळात नाव कुठल्या अंगाला आलंय तेही कळेना. त्यांनी धोतर सोडलं, नाव दगडाकडे खाली केलं, पुन्हा गुंडाळलं.

“मारा की अज्जा.”

“घाई नाही. एक ठोका, एक माप. जास्त पडला तर मागं घेता येत नाही.”

पहिल्या ठोक्याला शेराला काही झालं नाही, मास्तरांच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसऱ्याला जरासा खळगा पडला. ऋतुजानं मीठ भरलं: अजून पाऊण बोट खाली. मीठ परातीत, शेर धोतरात, ठोका. पुन्हा मीठ. अर्धं बोट.

“मागं काय ठोकून राहिलाव वो?” आतून शिवगंगाबाईंचा आवाज आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“अज्जा मला शाळेचं शिकवून राहिलेत!” ऋतुजानं ठोकून दिलं.

“मोगरीनं?”

ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आतून पुढं काही विचारणा झाली नाही.

शेवटचा ठोका जास्तच बसला. मीठ काठावरून ओघळून दगडावर सांडलं. ऋतुजाचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांनी मात्र सांडलेलं मीठ निगुतीनं गोळा केलं, शेर रिकामा केला, आतून लाटण्याचं टोक लावलं आणि अंगच्या भारानं पोचा तिळातिळानं मागं सारला. परत मीठ. परत थोडं लाटणं. सूर्य भिंतीआड जाईतो त्यांचं हेच चाललं होतं. अखेर ऋतुजानं पूर्ण किलो ओतला आणि आजीसारखा वरून तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही, हाताखाली काही कमीही पडलं नाही.

ऋतुजानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि शेर धुऊन, पुसून, होता तिथं फळीवर नेऊन ठेवला. जाताना पुनमच्या कानात काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनम कणीक तिंबत होती. एसटीला अवकाश होता. शिवगंगाबाई दारात येऊन नुसत्या उभ्या होत्या, पाहुण्याच्या घरी उभं राहावं तशा.

“आत्या, तेवढा फळीवरचा शेर द्या वो. हात भरलेत माझे.”

“तुझा काटा हाय की.”

“त्याचा सेल गेलाय.”

खरं तर सेल मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मास्तर ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. तो पुसून केव्हाच लख्ख झाला होता. तिथून त्यांना स्वयंपाकघराचं अर्धं दार दिसत होतं आणि दारातून शिवगंगाबाईंची पाठ.

त्यांनी टाचा उंचावल्या, शेर खाली घेतला. घेतला आणि थांबल्या. पाठ हलेना. मास्तरांचा हात चष्म्यावर थांबला. मग दिसलं की कोपर जरासं वळलं, भांडं फिरलं, पुन्हा एकदा फिरलं, आणि एका जागी ठरलं.

“पुनम, शेंगदाणे भाजलेले हायत?”

“हायत की. निवलेतबी.”

काही वेळ फक्त दाणे पडण्याचा आवाज येत होता. मग तळहात फिरल्याची ती कोरडी सरसर.

“लाभ,” शिवगंगाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आवाज जरा दबका होता, पण ‘दोन’ म्हणताना सुटला. मग दाणे कुटल्याचा, भेली फोडल्याचा धप्प आवाज, मग कुटात गूळ मळतानाची शांतता. पुनम एकदा म्हणाली, “आत्या, दूध शिंपडू का?” आणि उत्तर आलं, “कशाला? बसतंय की मुठीत.” तवा तापला. पोळी पडली. मास्तर गुळाच्या चरचरण्याची वाट बघत कान देऊन बसले. पोळी उलटल्याचा आवाज आला, तुपाचा वास आला. चरचर काही आली नाही.

ऋतुजा दाराआडून धावत आली आणि काही न बोलता अज्जाच्या शेजारी चिकटून बसली.

शिवगंगाबाई बाहेर आल्या. एका हातात थाळी, थाळीत एक पोळी, दुमडलेली, काठापर्यंत सोनेरी. दुसऱ्या हातात शेर. तो त्यांनी मास्तरांसमोर जमिनीवर ठेवला, नाव पुढं करून. नावाच्या बाजूला शेर गुळगुळीत होता. मग त्यांनी तो बोटानं अर्धा फिरवला.

“शेवऱ्यानं नावाखाली पाय दिलता,” त्या म्हणाल्या. “ह्या बैलानं नावाच्या पाठीमागं दिलाय.”

मास्तरांनी मान खाली घातली.

“आन् पाय बी लई भीत भीत दिलाय. किती बारीक ठोके हायत.” पोच्यात अंगठा बसवून बघत त्या म्हणाल्या. अंगठा थोडा तिरका बसत होता. तो त्यांनी तसाच राहू दिला.

आतून पुनम ओरडली, “आत्या, दुसरी लाटली! डबा भरायचाय, एसटी जाईल!”

“आले,” शिवगंगाबाई म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. आधी थाळी मास्तरांच्या पुढ्यात सरकवली.

ऋतुजानं हात पुढं केला, तसा त्यांनी तो अलगद बाजूला सारला.

“थांब गं महानंदा. पहिली पोळी बैलाची.”

ऋतुजा म्हणाली, “मी ऋतुजा!”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती हसत होती. त्यांनी पोळीचा काठ मोडून तोंडात घातला.